उजनीत मधोमध होडीचं इंजिन बंद पडतंय? कार्बोरेटर उघडायच्या आधी फुगा बघा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं. काठाजवळ हळू चालवा, तक्रार नाही. मोकळ्या पाण्यात गेल्यावर मूठ पूर्ण पिळली की होडी पाण्यावर उचलते आणि दहा-पंधरा मिनिटं झकास पळते. मग आवाज बसायला लागतो. दोन आचके, आणि गप्प. पाच मिनिटं बसून राहा, दोरी ओढा, लगेच सुरू, जसं काही घडलंच नाही. पुन्हा मूठ पिळली की या वेळी चार-पाच मिनिटांतच बंद. परत येताना हळू हळू आलात तर घाटापर्यंत एकदाही बंद पडत नाही.

हे मी मार्चपासून मेपर्यंत चार खेपांना भोगलं. सोलापुरातनं पहाटे निघायचं, मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी करत करमाळ्याच्या रस्त्याला लागायचं, कंदरच्या पुढं पाण्याला जायचं, आणि गळ टाकायच्या ऐवजी दिवसभर दोरी ओढत बसायचं. घरी येऊन बायकोला सांगायचं की आज मासा लागत नव्हता.

होडी साडेदहा फुटी फायबरची, सेकंडहँड, कोकणातून आणलेली. मागं १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, दोरीनं सुरू होणारं, हातात मूठ धरून चालवायचं. पेट्रोलची टाकी वेगळी, मधल्या फळीखाली ठेवायची. तिथून रबरी पाईप मागं इंजिनाला जातो आणि त्या पाइपात मध्ये अंड्याएवढा रबरी फुगा असतो. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढं ढकलायचं. कुणी प्रायमर म्हणतं, कुणी बल्ब. मी फुगा म्हणतो. या सगळ्या कथेचा खलनायक त्या फुग्यापासून हातभर अंतरावर होता, पण तिथं पोचायला मला तीन महिने लागले.

बंद पडल्यावर पहिलं काम

दोरी ओढत सुटू नका. आधी नांगर टाका. एवढी हलकी होडी वाऱ्यानं पालापाचोळ्यासारखी सरकते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर वारा कधी फिरेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा माणसं बुडाली. ते पाणी आणि आपण जातो ते पाणी एकच. म्हणून जॅकेट अंगात घालायचं, फळीखाली दाबून ठेवायचं नाही. नांगराचा दोर वाऱ्यात पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा, नाहीतर नांगर नुसता तळावरून घासत येतो. दोन वल्ही होडीत हवीतच. ओढली गेली की इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं तर मूठ वाकडी होऊन होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

हे झालं की मग शांतपणे शोध घ्या.

पहिली खेप: टाकीचं झाकण

हे सगळ्यात स्वस्त कारण, म्हणून सगळ्यात आधी बघायचं. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. गाडीत नेताना पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून आपण तो बंद करतो. आपल्याकडच्या उन्हात तर करावाच लागतो, नाहीतर डिकीत बसवत नाही. पाण्यावर गेल्यावर उघडायचा राहतो. इंजिन पेट्रोल ओढत जातं, बदल्यात हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि एका क्षणी इंजिनाला पेट्रोल ओढवेनासं होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर इंजिन नीट चाललं, तर मामला मिटला. माझ्या पहिल्या खेपेला अगदी हेच झालं, आणि इथेच मी फसलो. रोग सापडला असं समजून मोकळा झालो.

एक जोड देतो. स्क्रू उघडा आहे म्हणजे भोक उघडं आहे असं नाही. आपल्याकडं शेडमध्ये, गच्चीवर ठेवलेल्या वस्तूत कुंभारीण माशी मातीचं घर करते. तिला असली बारीक भोकं फार आवडतात. झाकण काढून तोंडानं फुंकून बघा.

दुसरी आणि तिसरी खेप: मेस्त्री आणि ड्रम

दुसऱ्या खेपेला स्क्रू पूर्ण उघडा होता, तरी तेच. मग झाकणच काढून टाकीवर फडकं टाकलं आणि चालवून बघितलं. तरी तेच. म्हणजे टाकीतली पोकळी हे कारण नाही, एवढं पक्कं झालं. असं एकेक कारण हातावेगळं करणं महत्त्वाचं. नुसते पार्ट बदलत बसलात तर खिसा रिकामा होतो आणि ज्ञानात भर पडत नाही.

इंजिन काढून मेस्त्रीकडं दिलं. माणूस हातानं चांगला. कार्बोरेटर उघडला, जेट साफ केले, प्लग नवा टाकला, पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन उभं करून माझ्यासमोर अर्धा तास चालवलं. एक आचका नाही. "मालक, आता काय बघायचंच नाही," म्हणाला.

तिसऱ्या खेपेला पुन्हा मधोमध बंद. पुन्हा मेस्त्री. या वेळी इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. पाइपात कॉम्प्रेसरची हवा मारून बघितली, आरपार गेली. पुन्हा ड्रम, पुन्हा अर्धा तास, पुन्हा झकास.

आता मागं वळून बघताना वाटतं, सगळी उत्तरं त्या ड्रममध्येच होती. एक तर ड्रममध्ये इंजिन हळू चालतं. हळू चालताना पेट्रोल थेंबाथेंबानं लागतं, ते अरुंद वाटेनंही पोचतं. पूर्ण मूठ पिळल्यावर लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त. दुसरं, आणि हे मी दोन्ही वेळा डोळ्यांनी बघूनही लक्षात घेतलं नाही, मेस्त्री त्याच्या टेबलावरची टाकी आणि त्याचाच पाईप लावून इंजिन चालवत होता. माझी टाकी गाडीतच होती. आजारी माणसाला घरी ठेवून आम्ही त्याच्या भावाचं रक्त तपासत होतो.

आमच्या घरात टॉवेलचे माग आहेत. माग थांबला की कुणी पहिली मोटर उघडत नाही. आधी धागा बघतात, मग कांडी, मग धोटा. लहानपणापासून हे बघितलेल्या माणसानं होडीच्या बाबतीत मात्र थेट इंजिनच खोललं. याची मला अजून लाज वाटते.

चौथी खेप: "मामा, हा फुगा चपटा होतोय"

चौथ्या खेपेला कॉलेजात जाणारा भाचा बरोबर होता. तोंडावर पाणी उडतंय म्हणून तो उलटा, माझ्याकडं तोंड करून टाकीजवळ बसला. होडी उचलली, सात-आठ मिनिटं पळाली, आणि आवाज बसायच्या आधीच तो ओरडला, "मामा, हा फुगा बघ, चपटा होतोय."

बघितलं तर तो रबरी फुगा वाळलेल्या खजुरासारखा आत ओढला गेला होता. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बसलं. बंद पडल्यावर फुगा हळूहळू, अगदी आळस देत पुन्हा गोल झाला. पाच मिनिटं थांबलं की सुरू का होत होतं, त्याचं कारण हेच. तेवढ्या वेळात पेट्रोल झिरपून फुगा भरत होता.

फुगा चपटा होतो याचा अर्थ एकच: इंजिनाचा पंप ओढतोय, पण टाकीकडून पेट्रोल येत नाही. अडथळा फुग्याच्या मागं, म्हणजे टाकीच्या बाजूला. कार्बोरेटर, पंप, प्लग हे सगळे फुग्याच्या पुढं. माझे दोन महिन्यांचे पैसे चुकीच्या बाजूला गेले होते.

काठावर येऊन टाकीतली नळी काढली. तिच्या टोकाची जाळी स्वच्छ. टाकीला पाईप बसतो तो खटका दाबून बघितला, पेट्रोल येत होतं. उरला फक्त टाकीपासून फुग्यापर्यंतचा हातभर पाईप. बाहेरून नव्यासारखा. कुठं चीर नाही, मोड नाही. कॉम्प्रेसरची हवा त्यातून आरपार गेलेली.

घरी येऊन ब्लेडनं तो उभा चिरला. आतली पातळ काळी कातडी चार बोटं लांबीत बाहेरच्या रबरापासून सुटली होती. भाकरी टम्म फुगल्यावर पापुद्रा सुटतो, तशी. चिमटीत धरली तर ओल्या कागदासारखी निघून आली. हवा मारली की ती कातडी भिंतीला दाबली जाते आणि रस्ता मोकळा दिसतो. इंजिनानं जोरात ओढलं की तीच कातडी आत गोळा होऊन रस्ता बंद करते. म्हणून हवा मारण्याच्या परीक्षेत पाईप पास आणि पाण्यावर नापास.

जुन्या रबराचं असं का होतं? बहुतेक वेळा इथेनॉल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या पाइपांचं आतलं अस्तर ते मऊ करतं आणि सोलून काढतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून याविषयी तक्रार तरी कुणाकडं करायची? आपलाच ऊस, आपलाच पाईप.

उपाय: फुग्यासकट सगळी पाइपलाइन नवी, इथेनॉल चालणाऱ्या रबराची, आतला व्यास जुन्याइतकाच. फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडं हवा. दोन्ही टोकांना क्लिप. बागेची पारदर्शक नळी लावायचा मोह टाळा. ती पेट्रोलनं कडक होते, चिरते आणि हवा ओढायला लागते. नवी लाईन लावल्यापासून पूर्ण मूठ पिळून अर्धा अर्धा तास पळवलंय, आचका नाही.

फुगा काय सांगतो

हा भाग कुठंतरी लिहून ठेवा. सुरू करण्याआधी फुगा उभा धरून, बाण वर करून दाबा. पाच-सात दाबांत तो कडक व्हायला हवा.

कडक होतच नसेल, दाबत राहा आणि तो मऊच, तर एकतर कुठंतरी हवा शिरतेय (क्लिप सैल, खटक्याची रबरी रिंग गेलेली), नाहीतर फुग्यातली एकेरी झडप गेलेली. दाबताना इंजिनाकडून पेट्रोलचा वास येऊ लागला, खाली थेंब दिसले, तर कार्बोरेटरची, जास्तीचं पेट्रोल अडवणारी फ्लोट सुई बसत नाहीये. तिथं थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळात साचते. कुणी बिडी-सिगारेट पेटवू नये. टाकी भरायची तीसुद्धा होडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरायची.

इंजिन बसत असताना फुगा चपटा दिसला तर माझंच दुखणं: झाकणाचं भोक, टाकीतली जाळी, खटका, पाईप, या क्रमानं.

इंजिन बसत असताना फुगा गोल आहे आणि तुम्ही तो हातानं दाबल्यावर इंजिन पुन्हा उठतं, तर पेट्रोल कमी पोचतंय, पण दोष पंपात किंवा हवा शिरण्यात आहे. फुगा घट्ट कडक आणि तरी इंजिन उपाशी, तर इंजिनावरची बारीक गाळणी किंवा जेट. आता मेस्त्रीकडं जा, आणि जाताना टाकी-पाईप बरोबर न्या.

आणि फुगा ठणठणीत, दाबूनही काही फरक नाही, तर पेट्रोलचा नाद सोडा. गरम झाल्यावर ठिणगी जाणारी कॉइल असू शकते. बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासावी लागते. थंड झाल्यावर ती पुन्हा येते आणि आपल्याला वेड्यात काढते. नाहीतर पुढचं कारण बघा.

मागची धार

इंजिन चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. ती शोभेची नाही. खालून ओढलेलं पाणी इंजिन थंड करून फिरतंय, याचा तो पुरावा. हे मला एका तात्यांनी शिकवलं. जाळी टाकणारे, आयुष्य त्या पाण्यावर गेलेले. मी मोठ्या रुबाबात त्यांच्या होडीशेजारून चाललो होतो, त्यांनी हात वर केला. मला वाटलं नमस्कार घालतायत. ते म्हणाले, "मालक, तुमची धार गेली की."

उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं, दाट. पुण्याकडून येणारं सांडपाणी, त्यावर शेवाळ, आणि जलपर्णीच्या मुळ्यांचे केसासारखे झुपके. खाली पंख्याच्या वर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पाणी ओढायच्या जाळ्या असतात, त्या या मुळ्यांनी बुजतात. प्लॅस्टिकची एक पिशवी गुंडाळली गेली तरी पुरे. इंजिन तापतं, ओढ कमी होते, आणि टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन चिकटून कायमचं बंद होऊ शकतं. म्हणजे लक्षण पुष्कळसं तेच: काही मिनिटं चाललं आणि बसलं. फरक असा, की इथं इंजिनाच्या डोक्याला हात लावला तर भाजतं आणि फुगा गोल असतो.

धार बारीक झाली किंवा गेली की त्या क्षणी बंद करा. इंजिन वर उचला, जाळ्या बोटांनी साफ करा. धारेच्या भोकात बारीक तार फिरवा, कारण कधी कधी आत पाणी नीट फिरत असतं आणि नुसतं ते भोकच मातीनं बुजलेलं असतं. तरी धार नाही तर आतला, पाणी ओढणारा रबरी इम्पेलर गेला. त्याची पाती एकाच बाजूला वाकून कडक झालेली सापडतात. तो बदलायचाच असतो, दुरुस्त होत नाही. आणि घरी "नुसतं बघायला" पाण्याशिवाय इंजिन सुरू करायची सवय असेल तर ती मोडा. कोरड्यात काही सेकंदांतही तो रबर घासून जातो.

धरण उणे झालं की हा त्रास वाढतो. उजनीचं गणित बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं: १०० टक्के म्हणजे साधारण ११७ टीएमसी, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, आणि टक्के त्याच्या वरचे मोजतात. त्यामुळं उन्हाळ्यात "उजनी उणे तीस" अशा बातम्या येतात आणि धरणात पाणी तर असतं. होडीवाल्यासाठी उणे याचा अर्थ वेगळा. पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशा बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं पृष्ठभागाच्या फूट-दीड फूट खाली येऊन थांबतात. दिसत नाहीत. काठाजवळ वेगानं जाऊच नका. उथळ पाण्यात चिखल ओढला जातो आणि इम्पेलर त्यानंच झिजतो.

आवाज करतं, पण पळत नाही

हे वेगळं दुखणं. इंजिन बंद पडत नाही. उलट मोठ्यानं ओरडतं आणि होडी तिथंच. तीन कारणं मला स्वतःला भेटली.

एक, पंख्याला जलपर्णी किंवा जाळं गुंडाळलेलं. थर्माकोलच्या खुणा दिसल्या की लांबून वळसा घाला. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे.

दोन, पंखा हवा ओढतोय. इंजिनाच्या पंख्याच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी. कमी दांड्याचं इंजिन साधारण १५ इंची मागच्या फळीसाठी, लांब दांड्याचं २० इंचीसाठी. माझ्या आधीच्या मालकानं फळी उंच करून ठेवली होती, त्यामुळं वळणावर पंखा वर येऊन नुसता फेस काढायचा. आणि एवढ्याशा होडीत वजन कुठं बसतंय यावर सगळं अवलंबून. माझं वजन ८० किलो, मी मागं एकटा, इंजिनही मागं, टाकीही पायाशी. नाक आभाळाकडं, होडी उचलायलाच तयार नाही. टाकी पुढं सरकवली, नांगर आणि पाण्याचे कॅन पार पुढच्या टोकाला ठेवले, मुठीला लांब दांडा लावून मधल्या फळीवर बसलो. तेवढ्यात फरक पडला. इंजिन तेच, पेट्रोल तेच.

तीन, पंख्याच्या मध्यातलं रबर सुटणं. खडकाला धडक बसली की गियर वाचावा म्हणून पंख्याच्या आत रबरी बूश असतो. तो सुटला की दांडा फिरतो, पंखा मागं राहतो. हळू चालवलं तर घर गाठता येतं. तपासायला पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा. जोरात चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बूश गेला.

आणि गळवाल्यांसाठी खास. आपला नायलॉनचा दोरा पंख्यामागं जातो, आपल्याला वाटतं माशानं तोडला. तो तिथं दांड्याभोवती गुंडाळून वितळतो आणि तेलाचं सील कापतो. मी पंखा काढला तेव्हा मागं काचेच्या बांगडीसारखं गच्च कडं बसलेलं होतं, माझ्याच दोऱ्याचं, गेल्या हिवाळ्यातल्या रंगाचं. गियर ऑइल काढलं तर दुधाळ, ताकासारखं. म्हणजे पाणी शिरलं होतं. आता दर चार-पाच खेपांनी पंखा काढून बघतो. पिन सरळ करा, नट सोडवा, दहा मिनिटांचं काम.

उरलेलं थोडक्यात

टू-स्ट्रोकला ५० ला १ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल; तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते खरं. तेल आउटबोर्डचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं नको. तासन्‌तास हळू चालवून मासे शोधायची सवय असेल तर प्लग काळा होऊन आचके देतो. मधूनमधून दोन मिनिटं जोरात पळवा, आणि खरं तर गळ टाकताना इंजिन बंदच ठेवा.

पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवू नका. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी तळाला वेगळं बसतं. शंका असेल तर टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा, सकाळी दोन थर दिसले तर ते इंजिनात घालायचं नाही.

मोटर लावलेली होडी नेण्याआधी जलसंपदा खात्याकडं आणि त्या भागात मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेकडं विचारून घ्या. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणीचा भाग आहे, तोही समजून घ्या. धरणाच्या भिंतीच्या बाजूला फिरकू नका. आणि "नुसती ट्रायल घेतो" म्हणून सोलापूरजवळ हिप्परग्याला किंवा शहरातल्या कंबर तलावात इंजिन उतरवू नका. ट्रायल ड्रममध्ये घ्या, स्वतःची टाकी आणि स्वतःचा पाईप लावून.

हो, आणि तळाचं बूच. नव्या पाइपाच्या आनंदात पाचव्या खेपेला ते लावायलाच विसरलो. इंजिन सुरेख चालत होतं. भाच्यानं विचारलं, "मामा, पायाखाली पाणी कुठनं येतंय?"